अक्कांचं म्हणणं अर्धं चुकलं तेव्हा

अक्का आज सकाळी गेल्या. बातमी कळल्यावर मला आधी हायसं वाटलं. रडू नंतर आलं.

कॅन्सर हाडांत उतरला होता. कूस बदलतानाही कळ यायची. ते संपलं.

अक्का म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइड. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं मराठी घर. मी निपाणीहून आले, त्यांना मॅडम म्हटलं, तर कानडी मिसळून म्हणाल्या, "अक्का म्हण. सरी? ठीक?"

त्यांचा सगळा जन्म बोंडअळीच्या पतंगांत गेला. हे पतंग शेकडो किलोमीटर उडून दुसऱ्या मुलखात जातात. सगळे नाही, काहीच.
का?

अक्का ठामपणे सांगायच्या: परिस्थिती. पीक वाळलं, अळीला पोटभर मिळालं नाही, की पतंग उठतो. रक्तात काही नसतं.

माझा प्रयोग त्यावरच होता. लांब उडणाऱ्या पतंगांची पोरं आणि जवळच घुटमळणाऱ्यांची पोरं एकाच खोलीत वाढवली. तेच खाणं, तीच ऊब. मग एकेकाला हलक्या दांडीला चिकटवून गोल उडू दिलं आणि कोण किती उडतं ते मोजलं.

लांब उडणाऱ्यांची पोरं पोट भरलेलं असूनही थांबेनात.
उपाशी वाढवली की दुसरीही उडायची, पण तेवढी नाही.

म्हणजे परिस्थिती होतीच. पण जीन्सही होते.

हे अंथरुणाला खिळलेल्या बाईला सांगायचं कसं? लॅबमधले म्हणाले, राहू दे, शेवटचे दिवस आहेत.

पण त्यांच्या येलहंकाच्या घरी गेलं की पहिला प्रश्न तोच. "पतंग काय म्हणतात?"

मागच्या रविवारी मला टाळवेना. लॅपटॉप उघडून ग्राफ दाखवला.

"उपाशी ठेवलेले वेगळे मोजलेस?"
"हो अक्का. पुन्हा करूनही बघितलं."
"स्वल्प मोठं कर."

मी ग्राफ मोठा केला.

मग त्या हसल्या. कितीतरी आठवड्यांनी.

"मला वाटायचंच गं, काहीतरी निसटतंय. उत्तर न कळताच जावं लागेल, याची भीती होती."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझं कुठे चुकलं ते स्पष्ट लिही. गोडगोड करू नकोस."

त्यांच्या मुलाने आज सांगितलं, रविवारपासून त्यांना शांत झोप लागत होती. झोपेतच गेल्या.

अक्का, सुटलात. मलाही सोडवून गेलात.

नीट जा. मनापासून नमस्कार.