जाळीच्या तळाशी सात गाठोडी

मी राहतो नागपुरात आणि नोकरीला जातो पारशिवनीच्या पलीकडे. तिथं नदीवर एक बंधारा आहे आणि त्यात अडलेलं पाणी शहरासाठी ओढून घेणारी आमची इनटेक विहीर. माझ्या साळ्याला वाटतं, पाण्याची नोकरी म्हणजे बटण दाबायचं आणि खुर्चीत बसायचं, आणि तो हे लग्नाच्या पंगतीत चारचौघांत बोलूनही दाखवतो. त्याला एकदा दाताळं हातात द्यायला पाहिजे. विहिरीच्या तोंडाशी लोखंडी गजांची उभी जाळी आहे. नदी जे जे वाहून आणते ते तिथं अडतं आणि लांब दांड्याच्या दाताळ्यानं ते आम्ही वर ओढतो. फांद्या, जलपर्णी, चपला, एकदा तर अख्खी प्लास्टिकची खुर्ची निघाली होती.

नवरात्र संपलं की जाळीचे खरे हाल सुरू होतात. वरच्या गावांमधून हार, चुनऱ्या, ओटीचे नारळ, घटात उगवलेलं धान असं सगळं वाहत येतं. बाकीच्या पाळ्यांमधली माणसं ते फाटकाजवळच्या ढिगावर फेकत. तिथं डुकरं लोळतात. माझ्यानं ते होईना. देवीच्या अंगावरची चुनरी डुकराच्या तोंडात बघितली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

म्हणून मी माझा मार्ग काढला. चुनरी पसरायची, तिच्यात हारफुलं नि नारळ घालायचे, तरंगून विटंबना नको म्हणून विटेचा तुकडा ठेवायचा, दोन गाठी मारायच्या आणि विहिरीच्या चबुतऱ्याच्या कडेला हात जोडून गाठोडं पाण्यात सोडायचं. चार दिवसांत अशी सात सोडली. कोणाला सांगितलं नाही. पुण्याचं काम गुपचूप करावं असं मी स्वतःला समजावलं, पण खरं म्हणजे कोणी हसेल याची भीती होती.

पाचव्या दिवशी सकाळी पंपाचा आवाज बदलला. डब्यात खडे घालून हलवावा तसा. धावत जाऊन बघितलं तर जाळीच्या बाहेर पाणी नेहमीइतकं आणि आत विहिरीत हातभर खाली. म्हणजे जाळी तळाशी तुंबलेली. दाताळं तिथवर पोचत नाही. पंप बंद केला आणि मामाला बोलावणं धाडलं.

मामा म्हणजे नदीकाठच्या वस्तीतला मासेमार. साठी उलटलेला, काटक. जाळी तुंबली की दम धरून तोच खाली जातो. त्याचे नियम पक्के. पंपाचे फ्यूज काढून त्याच्या कमरेचा दोर धरणाऱ्याच्या खिशात. दोराला एक झटका म्हणजे ठीक, तीन म्हणजे ओढा. दोर कोणी धरायचा तेही तोच ठरवतो, आणि गेली सहा वर्षं तो माझ्याच हातात देत आला. याचा मला किती अभिमान होता ते साळ्याला सांगून कळणार नाही.

शहरातून फोनावर फोन. "टाकी खाली चालली ना, काहून बंद करून ठेवला पंप?" मी नुसतं हो-हो करत होतो. मामा मात्र चबुतऱ्यावर शांत बसून आतलं पाणी चढताना बघत होता.

"आतलं-बाहेरचं सारखं होऊ दे गा," तो म्हणाला. "नाहीतर ओढ लागते. मी जाळीले चिपकून मरन."

पाणी सारखं झालं. मामा उतरला. पहिल्यांदा वर आला तेव्हा हातात लाल कापडाचा ओला गोळा होता. दुसऱ्यांदाही तसाच. माझ्या पाळीतल्या वायरमननं ते बाजूला टाकले. मी बघितलं नाही, माझं लक्ष दोरावर होतं. तिसऱ्यांदा तो गेला आणि मी सवयीनं मनात मोजायला लागलो. तीसला एक झटका आला. पन्नास झाले. साठ झाले. मग तीन झटके आले, घाईघाईनं, एकावर एक.

मी ओढला. दोर हलेना.

वायरमन धावला. दोघांनी पाय रोवून ओढलं तरी दोर ताठच. मी "मामा! मामा!" ओरडत होतो, पाण्याखाली ऐकू जातं का काही? हात सोलले. हा माणूस आपल्या हातात मरतो आता, एवढंच डोक्यात होतं. एकदम दोर ढिला पडला, आम्ही दोघंही मागे आदळलो, आणि मामाचं डोकं वर आलं.

त्याला वर घेतलं. तो पाणी ओकत होता, डोळे लाल झाले होते. उजव्या घोट्याला चुनरीचा पीळ बसला होता आणि त्या पिळाच्या टोकाला गाठोडं लोंबत होतं. मी पीळ सोडवायला वाकलो. गाठोड्याला दोन गाठी होत्या, एकीवर एक. आतून विटेचा तुकडा चबुतऱ्यावर पडला.

"कोण्या बेअकल्यानं विटा बांधून टाकल्या गा?" मामा धापा टाकत म्हणाला.

"गावातल्या बाया असतील," वायरमन म्हणाला.

मी म्हणालो, "हो."

तो हो कसा निघाला तोंडातून, मला माहीत नाही. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मामानं चहा घेतला, घोटा चोळला आणि उठून कमरेचा दोर घट्ट केला. "तीन काढले. आता एखादं राह्यलं असन. एका दमात होते."

फोन पुन्हा वाजत होता. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाही कळलं नसतं. पण हा माणूस एका गाठोड्याच्या हिशोबानं खाली जाणार होता, तेवढाच दम धरून, आणि खाली चार होती.

"मामा, चार आहेत अजून."

तो थांबला. "तुले कसं मालूम?"

मी सांगितलं. डुकरं, चुनरी, वीट, हात जोडणं, सगळं. बायांवर ढकललं तेही सांगितलं. वायरमन तोंड फिरवून नदीकडे बघायला लागला. मामा चिडला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यानं चबुतऱ्यावरचा विटेचा तुकडा उचलून बाजूला ठेवला.

"तू देवीले सोडलं, बरोबर आहे," तो म्हणाला. "पण खाली मी असतो गा."

मग त्यानं माझ्या हातातला दोर काढून घेतला, वायरमनच्या हातात दिला आणि पाण्यात उतरला.