जाड नळीचा उतार

आमच्या घरात कुठल्याही वस्तूचा आधी उतार बघितला जातो. बाबा मोहन्याच्या कारखान्यात आयुष्यभर पाइप फिटर होते आणि मी ठाण्याच्या एका ऑफिसात केमिकल प्लांटच्या पाइपांची ड्रॉइंग काढते. म्हणजे ते जे हातांनी वाकवत आले, ते मी कॉम्प्युटरवर वाकवते. हॉटेलात जेवायला गेलो की बाबा हात धुऊन येतात आणि बेसिनखालच्या पाइपवर बोलायला लागतात. भाजी कशी आहे हे आईनेच सांगायचं. या दोघांना स्वर्गात नेलं तरी आधी मोरी कुठे आहे ते विचारतील, असं ती म्हणते. तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

आमची गाडी जुनी, डिझेलची, जीपच्या घराण्यातली. मी तिच्यावरच गाडी शिकले, त्यामुळे तिला कोणी नावं ठेवली की मला राग येतो. तसा तो मला लवकरच येतो, पण गाडीवरून जरा जास्त. सपाटीवर ती गुणी आहे. घाट लागला की मात्र तिचा जीव वरखाली होतो, कारण तिच्या इंजिनाला टर्बो नव्हता. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे फुकट चाललेल्या गरम धुरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि इंजिनाला दम येतो. जुन्या गाडीला तो मागाहूनही बसवता येतो. तो बसवायची वेळ आमच्या आत्याने आणली.

आत्या ही बाबांची थोरली बहीण. तिला ते अक्का म्हणतात. ती शहाडला राहते, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आमचं गाव मात्र माळशेज घाट चढून गेल्यावर. चैत्रात गावची यात्रा असते आणि माहेरवाशिणीला यात्रेला भावाने घेऊन जायचं, ही आमच्याकडची रीत. न्यायला येणाऱ्या भावाला मुराळी म्हणतात. आत्याला नातवंडं झाली, गुडघे गेले, दात गेले, पण मुराळी काही सुटला नाही. बाबांनी दारात जाऊन हाक मारल्याशिवाय ती पायात चप्पल घालत नाही.

गेल्या वर्षी गाडी निम्म्या घाटात उकळली. बॉनेटमधून वाफा, रस्त्याकडेच्या दगडावर आत्या, आणि बाबा पाण्याची बाटली घेऊन इंजिनाची समजूत काढतायत. आत्याने बराच वेळ बघितलं, मग मागून आलेल्या एसटीला हात केला आणि नारळांची पिशवी घेऊन चढून गेली. आम्ही गावात पोचलो तेव्हा पालखी निघून गेली होती. आत्या बाबांशी अवाक्षर बोलली नाही. परत आल्यावर तिने जाहीर केलं, की पुन्हा त्या डबड्यात पाय ठेवणार नाही.

"पुढच्या यात्रेला तुला न थांबता वर नेतो, अक्का," बाबा म्हणाले. "नाही नेलं, तर गाडी भंगारात."

बाबा शब्द देतात तेव्हा तो पाळतात, हीच त्यांची मोठी अडचण आहे. मला गाडी भंगारात जाताना डोळ्यांसमोर दिसायला लागली. म्हणून टर्बोची कल्पना मी काढली, आणि त्यांनी ती लगेच उचलली.

टर्बो उल्हासनगरच्या जुन्या सामानाच्या बाजारात मिळाला. तो दुरुस्त करून बसवायचं काम शहाडच्या गॅरेजवाल्याकडे दिलं, पण तेलाच्या नळ्या आम्हीच करणार, असं बाबांनी त्याला ठणकावून सांगितलं. घरात दोन पाइपवाले असताना बाहेरच्याने नळी वाकवायची म्हणजे काय? गॅरेजवाला हसला आणि बाजूला झाला.

नळ्या दोन. टर्बोचा पंखा इतका जोरात फिरतो, की त्याला सतत ताजं तेल लागतं. एक बारीक नळी इंजिनातलं तेल दाबाने टर्बोत नेते. दुसरी जाड. टर्बोतून बाहेर पडलेलं तेल तिच्यातून खाली इंजिनाच्या तळाशी, चेंबरमध्ये परत येतं. या दुसऱ्या नळीत दाब नसतो, तेल आपल्या वजनानेच उतरतं.

बारीक नळी आम्ही न भांडता केली, ही आमच्या घरातली नवलाचीच गोष्ट. बाबांनी आधी जाडसर तार वाकवून मार्ग ठरवला, सायलेन्सरच्या गरम भागापासून ती लांब ठेवली आणि मग तारेसारखी नळी वाकवली. मी मोबाइलवर ड्रॉइंग दाखवत होते. उंटावरून शेळ्या हाकू नकोस, खाली ये, असं ते म्हणाले. मग मीही गाडीखाली गेले.

जाड नळीवर तर आमचं एकमत होतं. सरळ वाटेत इंजिन ज्यावर टेकतं तो फाउंडेशन रबर येत होता, त्यामुळे वळसा घेणं आलंच, आणि वळसा आहे तर खाली एक यू, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा बाक द्यायचा, हे दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं. कारखान्यात ड्रेनला यू हवाच. त्यात द्रव साठून राहतो आणि खालचा गॅस वर येत नाही. यू नसलेला ड्रेन बघितला की बाबा तो करणाऱ्याच्या आईवडिलांपर्यंत जातात, आणि मीही ज्युनिअर मुलांची ड्रॉइंग याच कारणावरून परत पाठवते. बाबांनी नळीत वाळू ठासून, तापवून, असा यू काढला की गॅरेजवाल्याने त्याचा फोटो काढला.

गाडी सुरू केली. मुरबाड रोडला चढावर नेली तर तिने खरंच उडी घेतली. बाबा खिडकीतून हात बाहेर काढून बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं बघत होते, जणू ते स्वतःच धावतायत. आम्ही घरी आलो, गाडी चाळीसमोर चालू ठेवून आईला हाक मारली, आणि मागून निळा धूर सुटला. थोडाथोडका नाही. शेजारच्या काकूंनी पटापट खिडक्या लावल्या आणि पोरांना ओरडून सांगितलं, की डासांची गाडी आलीये, आत या.

निळा धूर म्हणजे तेल जळतंय. गॅरेजवाल्याने टर्बो खोलला, तर आतलं सगळं ठीक होतं. पुन्हा बसवला, पुन्हा धूर. पळताना नाही, उभी राहिली की. यात्रा तोंडावर आलेली. बाबांनी आत्याला फोन करायचं टाळलं आणि भंगारवाल्याचा विषय स्वतःहून काढला. मला जेवण जाईना.

त्या रविवारी आई ताक घुसळून नरसाळ्याने बाटलीत भरत होती. वरचा फेस नरसाळ्याच्या तोंडाशी अडून बसला होता आणि मागून ओतलेलं ताक ओट्यावर सांडत होतं. आई त्याला शिव्या घालत होती. मी बघत राहिले. टर्बोतून तेल तेलासारखं बाहेर येतच नसणार. इतकं फिरल्यावर त्याचा फेस होणार. फेसाला वजन नाही, तो यूमध्ये साठलेलं तेल ढकलून पलीकडे जाणार कसा? गाडी उभी असताना तर मुळीच नाही. तो वर तुंबतो, आणि मागचं तेल मिळेल त्या वाटेने धुराड्यात जातं.

मी बाबांना सांगितलं. जरा चढ्या आवाजातच सांगितलं, कारण इतके दिवस दोघांना हे सुचलं नाही याचा मला संताप आला होता. बाबा म्हणाले, यू काढला तर चेंबरचा गॅस वर येईल. येऊ दे, मी म्हटलं, हा काही तुमचा कारखाना नाही. ते उठून गेले. मला वाईट वाटलं. तो यू खरोखरच सुंदर होता.

संध्याकाळी मोरीतून पाण्याचा आवाज यायला लागला म्हणून मी डोकावले. बाबांनी पारदर्शक नळीचा यू करून नळाला टांगला होता. त्यात आधी पाणी ओतलं, ते झरझर गेलं. मग बादलीतला साबणाचा फेस भांड्याने ओतला. फेस नळीच्या तोंडाशी फुगून बसला. त्यांनी नळी हलवली, टिचकी मारली, पुन्हा फेस ओतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"पाणी असतं, तर माझंच बरोबर होतं."

"पाणी असतं तर आपल्या दोघांचंही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः यू कापला. टर्बोचा मधला भाग थोडा फिरवून तेलाचं तोंड नीट खाली आणलं, मग रबराच्या बाजूने जायला वाट मिळाली. नवी नळी वरपासून खालपर्यंत नुसती उतरत गेली, कुठे खोलगट नाही, कुठे बाक नाही. ती दिसायला काहीच नव्हती. धूर थांबला, निदान आमच्या चाळीसमोर तरी.

यात्रेच्या दिवशी बाबा शहाडला आत्याच्या दारात जाऊन उभे राहिले. तिने एसटीचं नाव काढलं. बाबा दारातून हलले नाहीत. शेवटी तिने चप्पल घातली.

घाटात मी आरशातून मागे धूर येतो का यावर आणि बाबा पुढच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून होतो. गेल्या वर्षीचा दगड आला. आत्याने तो ओळखला आणि मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं. गाडी त्याच्या शेजारून न थांबता पुढे गेली. माथ्यावर बाबांनी एकदाच मोठा श्वास सोडला.

पण खरी धास्ती मला गावाची होती. घाट चढून आलेला टर्बो तापलेला असतो. इंजिन एकदम बंद केलं तर आतलं तेल जागीच करपतं. म्हणून गाडी उभी करून इंजिन थोडा वेळ चालू ठेवावंच लागतं, आणि आमचा धूर नेमका तेव्हाच निघत असे. देवळासमोर सगळा गाव जमलेला. बाबांनी गाडी उभी केली आणि आत्याला सांगितलं, की थोडं थांब, इंजिन निवतंय. मी उतरून मागे जाऊन उभी राहिले. धुराड्याशी हात धरला. गरम हवा आली, नुसती हवा. मला रडूच आलं, आणि मी ते लपवलं नाही.

माणसं गाडीशी यायला लागली. आत्या उतरत नाही म्हटल्यावर चुलत्या, भावजया, तिच्या वयाच्या मैत्रिणी खिडकीशी येऊन भेटायला लागल्या. एकीने विचारलं, यंदा कुणासंगं आलीस? तेव्हा मला कळलं, की गेल्या वर्षी एसटीतून एकटी उतरल्यावरही हाच प्रश्न आला असणार, आणि तिचा राग गाडीवर नव्हताच.

"भाऊ आलाय ना न्यायला," आत्या म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

बाबांनी चावीला हात घातला. इंजिन निवलं होतं, आता बंद केलं तरी चालणार होतं. आत्याने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "अजून जरा चालू राहू दे."