कशाचं पित्त?

आमच्या घराण्यात पुरुषांना दुःख होत नाही. पित्त होतं.

ही मूळची रत्नागिरीकडची रीत. बाबांनी ती गिरगावातल्या चाळीत आणली. चाळ सोडून आम्ही मीरा रोडला शांती नगरात राहायला आलो, तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर तीही आली. नव्या घरातल्या पहिल्याच संध्याकाळी बाबा गॅलरीत उभे होते. खाली हाक मारावी असं ओळखीचं कोणी नव्हतं. जेवायला बसले आणि दोन घासांत उठले. म्हणाले, "पित्त झालंय."

आईने आमसुलं भिजत घातली. गूळ-जिरं घालून ग्लास त्यांच्या हातात दिला, शेजारी बसली आणि विचारलं, "कशाचं?"

मी तेव्हा शाळेत होतो. मला वाटलं, ती दुपारच्या भज्यांची चौकशी करतेय. पण बाबा अर्धा ग्लास संपवून म्हणाले, "चाळीत आता कॅरम सुरू झाला असेल."

आई म्हणाली, "हं."

झालं. एवढंच औषध. पुढे आजी गेली तेव्हा पित्त झालं, बढती हुकली तेव्हा झालं. ताई सासरी गेली तेव्हा तर घरातली आमसुलंच संपली. दर वेळी आईचं तेच, "कशाचं?" उत्तर आलं की ग्लास रिकामा आणि माणूस जेवायला तयार.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. बाबांनी ऐंशी ओलांडली, ते माझ्याजवळच असतात. आणि यंदा कंपनीनं आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद केलं. निरोपाला केक कापला. फोटोत सगळ्यांत मोठं हसू माझंच आहे. घरी येऊन जाहीर केलं, "सुटलो बुवा! आता आराम."

दुसऱ्या दिवशी मला पित्त झालं.

बायको नागपूरची. तिच्या माहेरी पित्त म्हणजे पित्तच. तिने गोळ्या आणल्या, माझा चहा बंद केला, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवली. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे गुजराती काका भेटले. "अरे भाई, मुंह क्यूं उतरा है?"

"ॲसिडिटी है, काका."

"ठंडा दूध पियो."

प्यायलो. आराम नाही. शेवटी डॉक्टरांनी घशातून नळी घालून पोट तपासलं. "पोट चकाचक आहे तुमचं. झोप लागते? मन कसं असतं?"

"मन ना? मन एकदम मजेत, डॉक्टर. हे पोटच जरा..."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा." बाहेर येऊन मी बायकोला सांगितलं, "रिपोर्ट नॉर्मल."

पण रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीची पँट घालून मी तयार व्हायचो आणि गॅलरीत जाऊन बसायचो. बायको शाळेत शिकवायला गेली की घरात आम्ही दोघंच, बाबा आणि मी. दोघांचं मिळून बोलणं म्हणजे, "पेपर वाचून झाला?"

अशाच एका दुपारी स्वयंपाकघरात भांडं पडलं. मी उठेपर्यंत बाबाच आले, भिंतीला धरत. हातात ग्लास. निम्मं पाणी बंडीवर सांडलेलं, तळाशी न भिजलेली आमसुलं. ग्लास माझ्या हातात देऊन ते शेजारच्या खुर्चीत बसले. समोरच्या बिल्डिंगकडे बघत म्हणाले,

"कशाचं रे?"

मी एक घोट घेतला. नुसतं मीठ! पण डोळ्यांत पाणी आलं ते काही मिठामुळे नाही.

"सकाळी तयार होतो बाबा," मी म्हणालो, "आणि जायला कुठे जागाच नसते."

"हं," बाबा म्हणाले. हुबेहूब आईसारखं.

मग मी डॉक्टरांचं म्हणणंही सांगून टाकलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "मग जाऊ की उद्या. मी येतो सोबत. नाहीतर तू तिथेही पोटच दाखवशील."

खूप दिवसांनी मी मोठ्यानं हसलो. बाबांनी माझ्या हातातला ग्लास घेऊन चव बघितली आणि तोंड वाकडं केलं. "हे काय झालं?"

"गूळ घालायचा असतो, बाबा."

"ती घालायची," ते म्हणाले. ग्लास काही खाली ठेवेनात.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"बाबा, तुम्हाला कशाचं?"