पाण्यावरचा पाद्री

तव्यावर जवस तडतडू लागले, की त्यांच्या खमंग वासाआडून मला दुसराच एक वास येतो. रंगात कालवायच्या जवसाच्या कच्च्या तेलाचा, टर्पेंटाइनचा आणि चौकटीवर ताणून ठोकलेल्या कोऱ्या कापडाचा. हात आपोआप थांबतो, चटणी करपते आणि घरातले म्हणतात, म्हातारीचं लक्ष कुठं असतं कोण जाणे. कुठं असणार? चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जिथं एक गोरा पाद्री भिंतीला टेकून महिनाभर मुक्कामाला होता.

पिंपरीला तेव्हा औषधांचा कारखाना उभा राहत होता. आमचे हे पेंटर. तिथल्या पाट्यांवर ठसठशीत अक्षरं काढून घर चालवत, पण जीव सगळा चित्रांत. म्हणून मार्थाबाई तळहाताएवढं छापील चित्र घेऊन आल्या आणि 'हे भिंतभर मोठं करून द्या' म्हणाल्या, तेव्हा यांची कळी अशी खुलली, की त्या संध्याकाळी जेवणाचीही आठवण राहिली नाही. मार्थाबाई गल्लीच्या टोकाला राहत. त्यांचे यजमान इथल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक. दोन पावसाळ्यांमागे, पलीकडच्या वस्तीतल्या एका आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला निघाले आणि पवनेच्या पुरात गेले. तेव्हापासून बाईंनी नदीचं तोंड पाहिलं नव्हतं. त्यांचे कपडे मीच घाटावर नेऊन धूत असे. चित्र त्यांना विलायतेला परतणाऱ्या मिशनच्या मडमेनं निरोपादाखल दिलेलं होतं.

काय होतं त्या चित्रात? शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतला एक धर्मोपदेशक. काळा झगा, गळ्याशी शुभ्र पट्टी, हात पाठीशी बांधलेले, मुद्रेवर प्रसन्न गांभीर्य. मागं धुकट डोंगर, आणि पायांखाली करड्या, निश्चल जलाशयाचा विस्तार. एक पाऊल टेकलेलं, दुसरं किंचित उचललेलं. शेजारच्या गंगूबाईंनी उंबऱ्यातूनच हात जोडले. "पान्यावर हुबा हाय न्हवं? मग कुनी संतच असनार. गोरा असला म्हनून काय झालं?" देहू आमच्यापासून चारच कोसांवर. इंद्रायणीनं कागदसुद्धा बुडू दिला नाही, हे जिथं पाळण्यातलं पोर ऐकतं, तिथं पाण्यानं पेललेला माणूस ओळखायला कितीसा वेळ लागणार!

मार्थाबाई रोज दुपारी येत. चटईवर बसत आणि कापडावर हळूहळू उमटणाऱ्या त्या पावलांकडे बघत राहत. चेहऱ्याकडे नाही, पावलांकडे. एकदा मला म्हणाल्या, "वहिनी, हा बुडत नाही बघा." मी मान हलवली आणि चुलीपाशी जाऊन डोळे टिपले. वाटलं, बाईला आधार सापडला. दुःखाला कुठली काठी कधी पुरेल, ते आपण बाहेरच्यांनी कशाला ठरवावं?

यांचं घोडं मात्र त्या पावलांपाशीच अडलं होतं. छापील चित्रावर आणि कापडावर चौकटी आखून सगळं जसंच्या तसं उतरलं, पण बुटांखाली सुरीसारखी पाती दिसत होती, ती काही केल्या उमगेनात. काढायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा काढायची. शेवटी सायकल काढून देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या एका ओळखीच्या हवालदाराकडं गेले. तो काश्मिरात राहून आलेला. बघताच हसला. म्हणाला, पाणी कसलं, बर्फ आहे हा. थंडीत तळी गोठतात आणि साहेबलोक बुटांना पाती बांधून त्यावर मजेत घसरतात.

हे परतले ते उतरल्या तोंडानं. "बाईंना सांगायला हवं." मी म्हटलं, "काही नको. तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा. तिच्या हातची काठी काढून घ्यायला तुम्हाला कुणी बोलावलंय?" दोन दिवस आमच्यात अबोला. पण यांच्या पोटात काही राहील तर शपथ. तिसऱ्या दुपारी मार्थाबाई चटईवर बसतात न बसतात, तोच यांनी सगळं सांगून टाकलं. मला असा संताप आला, की हातातलं भांडं मी आपटलंच.

बाईंनी पुन्हा एकदा त्या पावलांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पेंटरभाऊ, बर्फावर कुणीही उभं राहू शकतं? देवाचं माणूस नसलं तरी?"

"कुणीही. तो हवालदारसुद्धा त्यावरून चालून आलाय."

बाईंनी पदर तोंडाशी धरला आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या. "बुडतो त्याचा विश्वास उणा पडलेला असतो, असं लहानपणापासून ऐकत आले. हे चित्र हाती आलं आणि वाटलं, ह्याला देवानं धरलं, मग आमच्या पाळकांना का सोडलं? त्यांचं कुठं काय कमी पडलं? रोज येऊन हेच विचारत होते ह्याच्या पायांना." मग डोळे पुसून म्हणाल्या, "त्यांचं काही कमी पडलं नव्हतं, वहिनी. आपली पवना गोठत नाही, एवढंच."

मी जिला काठी समजत होते, तो बाईच्या उरातला काटा होता. आणि तो जपायला मी नवऱ्याशी भांडले होते! माणसाच्या शेजारी बसूनही त्याच्या मनाचा तळ किती थोडा दिसतो, नाही का?

यांनी पाती नीट काढली आणि पायांखाली बर्फच रंगवला. रंग अजून ओलाच होता. दुसऱ्या सकाळी मी धुण्याला निघाले, तर मार्थाबाई स्वतःचं बोचकं काखेत घेऊन आमच्या दारात उभ्या. घाटावर माझ्याआधी पाण्यात उतरल्या, आणि रोज आमच्याकडं बसून त्यांच्या पदराला जवसाच्या तेलाचा वास येत होता. तोच वास अजून येतो. चटणी करपली तर करपू दे.