कोपीचा कडबा

माझ्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग हाय. अंगठ्याच्या बुडापासून करंगळीपर्यंत. तो डाग मला माझ्या बानं दिला. मालकाच्या पोरानं द्यायला लावला, पण हात बाचा होता. हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी मधीच हळहळायला लागलं की मला राग येतो.

येळवसचा दिवस होता. मार्गशीर्षातली अवस. आमच्या निलंग्याकडं त्या दिवशी गावात माणूस सापडत न्हाई, सगळा गाव रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. वरून शाल पांघरायची. मातीच्या नव्या बिंदग्यात आंबील, सोबत भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. निवद झाला की रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाबी हाक मारून जेवू घालायचं. एसटी थांबवून डायवर-कंडक्टरला खाली उतरवतात आमच्याकडं. लई मोठ्या मनाचा सण, असं सगळे म्हणतात. म्हणू द्या.

माझा बा मालकाचा सालगडी. कोप उभी करायची ती बानंच. पेंढ्या अशा तोलून लावायचा की कितीबी वारं सुटू द्या, हलायची न्हाई. ओढ्यातून दगड आणायचा, धुवायचा, चुना लावायचा. सगळं बा करायचा. एकदा मालकीणबाईनं आत दिवा लावला की मग बा दहा हात मागं. सकाळी ज्या दगडांना त्यानं आंघोळ घातली, त्यांच्यावर दुपारी त्याची सावली पडलेली चालत नव्हती. मालक आंबील शिंपडत रानाला फेरी घालायचा, "ओलगे ओलगे सालम पोलगे" म्हणायचा, आन बा लांबून साद द्यायचा. साद चालायची. आवाजाला विटाळ नसतो म्हणं.

आम्ही मांगवाड्यातले. आम्हाला बांधाच्या खाली बसवायचे आन वरून वाढायचे. द्रोण खाली, पळी वर. मी लहानपणी समजायचे की जेवण असंच वरून पडतं सगळ्यांना.

त्या साली मोठा दुष्काळ होता. रानात ढेकळं. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. गावातल्या सगळ्या हिरी आटल्या, पाणी उरलं ते एकट्या मालकाच्या हिरीत. आमच्याकडं एक कालवड होती, माझ्या मामानं मायला दिलेली. पहिल्यांदाच गाभण. धाकटा भाऊ सहा महिन्यांचा, मायच्या अंगावर दूध न्हाई. कालवड व्याली तर लेकरू जगंल, एवढाच हिशोब होता घरात. आन कालवडीला खायला काडी नव्हती. तीन दिवसांपासून ती उठत नव्हती, नुसती मान टाकून पडलेली.

बानं सकाळीच कोप उभी करता करता मालकाला विचारलं होतं. मी ऐकलं.

"मालक, पूजा झाल्याव कोपीच्या दोन पेंढ्या द्याल का? कालवड उठना गेलीय."

"बघू," मालक म्हणाला.

ते "बघू" मी धरून ठेवलं दिवसभर.

दिवस मावळायला मालकाच्या घरचे निघाले. शाल काढली, भांडी गाडीत टाकली. मालकाचा थोरला पोरगा, त्याला आम्ही धाकले मालक म्हणायचो, वाळल्या गवताचा हेंडगा पेटवून रानाभोवती फिरवत होता. बा बैलं जुपाया गेला. मला वाटलं, झाली की पूजा. देव जेवला, माणसं जेवली, आता राहिली कालवड. मी कोपीच्या मागून गेले आन एक पेंढी उपसली. माझ्याहून उंच होती. मी तिला मिठीच मारली. कोप एका अंगानं कलली.

पाठीत लाथ बसली, धाकल्या मालकाची. मी तोंडावर पडले, पेंढीसकट.

"पांडव उघडे पाडले! मांगाच्या कार्टीनं कोप बाटवली!"

मग कासरा. दुहेरी केलेला, बैलाचा. पाठीवर, मांडीवर, कानावर. मी नऊ वर्षांची होते. बा धावत आला, डोक्याचं मुंडासं काढून त्याच्या पायाशी टाकलं. त्यालाबी कासरा बसला, पण तो हालला न्हाई. "लेकरू हाय मालक, लेकरू हाय," एवढंच.

धाकले मालक म्हणाले, "हात जाळल्याबिगर हे शुद्ध व्हायचं न्हाई. मी तिला शिवणार न्हाई, मला आंघोळ करावी लागंल. लिंब्या, तूच दे डाग." लिंब्या म्हणजे माझा बा.

लाथ मारताना त्याच्या पायात चप्पल होती. चपलेला विटाळ होत नसावा.

बा न्हाई न्हाई म्हणत राहिला. मग धाकले मालक शांतपणे बोलले. आजबी तो आवाज माझ्या कानात हाय. "नगं देऊ. उद्यापासून तुमच्या वाड्याला हिरीचं पाणी न्हाई. सांग जाऊन सगळ्यांला, लिंब्याच्या पोरीमुळं."

बा उभा राहिला. सगळा मांगवाडा त्या एका हिरीवर होता.

मोठे मालक गाडीत बसून सगळं बघत होते. ते म्हणाले, "आटपा रे लवकर, लेकरं पेंगायलीत."

बानं माझं मनगट धरलं. कडकडून. म्हणाला, "डोळे मीट, बाय."

मी मिटले न्हाईत. हेंडगा मी पाहिला, बाचं तोंडबी पाहिलं. कातडीचा वास आला तेव्हा ओरडला तो बा. मी न्हाई.

सकाळी धाकल्या मालकानं ती सगळी कोपच पेटवून दिली. बाटलेला कडबा आपल्या बैलाला कसा घालायचा? आन आम्हाला तरी कसा द्यायचा, आम्ही सोकावलो असतो. आमची कालवड वाड्यात पडून, आन दोन शेतं पलीकडं पेंढ्या धडधड जळायल्या. चौथ्या दिवशी कालवड मेली, पोटात वासरू घेऊन. उन्हाळ्यात भाऊ गेला. त्यावर मी जास्त बोलणार न्हाई.

बा माझ्याशी त्या दिवसाबद्दल कधीच बोलला न्हाई. पुढच्या येळवसला त्यानं कोप उभी केली. त्याच्या पुढच्याबी. मी त्याचा लई दुस्वास केला. एका ताटात जेवले न्हाई त्याच्यासंग. शाळेतल्या एका मास्तरांनी मला वसतिगृहात घातलं, तिथून मी नांदेडला नर्सबाईच्या शिक्षणाला गेले. मूठ पुरी उघडत न्हाई माझी. तसल्याच हातानं मी बाळंतपणं करते, नाळा कापते. कुणाचं लेकरू माझ्या हाताला बाटलेलं मी अजून तरी पाहिलं न्हाई.

दहा वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळला, कमानी लागल्या, गावागावांत भाषणं. त्या सालीबी आमच्याकडं पावसानं दगा दिला होता, पण नव्या जिल्ह्याच्या आनंदात कुणी ढगाकडं बघायला तयार न्हाई. मोठे मालक म्हातारे झालेले. धाकले मालक पुढारी. त्यांनी लातूरच्या एका नव्या साहेबाला येळवसचं आवतण दिलं. बाला निरोप: साहेब येणार हाय, कोप जंगी पाहिजे.

मी रजेवर आले होते. बा वाकला होता, हात थरथरायचे. त्याला पेंढी पेलंना. दोनदा पडली. त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई, खाली बघूनच म्हणाला, "बाय, जरा हात लाव."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. मग लावला. त्या दिवशी कोप मी उभी केली. पाच दगड मी धुतले, चुना मी लावला, मांडले मी. ह्याच हातानं. कुणाला पत्ता न्हाई.

जीप आली. साहेब उतरले, बूट काढले, कोपीपुढं हात जोडले. म्हणाले, "फार सुंदर बांधली आहे हो. कोणी?"

"आमच्या घराण्याची परंपराच हाय साहेब," धाकले मालक म्हणाले.

पंगत बसली. मग धाकल्या मालकानं बाला हाक मारली. "ए लिंब्या, घे." बा बांधाच्या उतारावर ओंजळ करून उभा. वरून आंबिलाची धार. ओंजळ थरथरली, आंबील सांडलं, चार शितुडे कडेला बसलेल्या साहेबाच्या पॅन्टवर उडाले.

धाकल्या मालकानं बाच्या छातीत लाथ घातली. चप्पल पायातच होती, ह्याही वेळंला. साठीला आलेला माणूस. बांधावरून गडगडत गेला, तोंड दगडावर आपटलं, दात रक्तानं भरले.

मी पळाले न्हाई, ओरडले न्हाई. चालत कोपीपाशी गेले. पेंढ्यांचे बंध कापायचा इळा तिथंच होता. मी बंध कापला आन एक पेंढी उपसली. मग दुसरी. मग लाथच घातली. अख्खी कोप पांडवांवर बसली, दिवा आत विझला. मालकीणबाई किंचाळली.

"ही घ्या तुमची परंपरा!" मी म्हणाले. "दगड मी मांडलेत. चुना मी लावलाय. कुणाच्या हातच्या देवाच्या पाया पडलात, बघा आता!"

धाकल्या मालकानं माझे केस धरले, मला ढेकळातून ओढलं. तोंडात मारलं, पुन्हा मारलं. एका डोळ्यानं दिसायचं बंद झालं. आन मग तो बाच्याकडं वळून ओरडला, "लिंब्या! मागं एकदा दिलेला डाग पुरला न्हाई हिला. आण चुलीतलं लाकूड. दे पुन्हा!"

बा उठला. तोंडातलं रक्त थुंकला. चुलीकडं गेला न्हाई. सरळ आला आन धाकल्या मालकाचं मनगट धरलं.

नुसतं धरलं, जसं माझं धरलं होतं.

"सोड! शिवलास मला! सोड!" तो बोंबलायला लागला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा फाटलेला ऐकला. गडी, भाऊबंद, सगळे काठ्या घेऊन बावर पडले. पाठीवर, डोक्यावर, दंडावर. दुसऱ्या हाताचं हाड मोडलं, तो आवाज मला आला. मनगट सुटलं न्हाई. मी इळा घेऊन मधी घुसले, अंगावर धावले, तवा कुठं काठ्या मागं सरल्या.

साहेब उभे होते. रुमालानं पॅन्ट पुसत होते. म्हणाले, "हा तुमचा गावातला मामला आहे. तुम्ही आपसात मिटवा." आन जीपमधी बसले.

मी कोपीच्या कडब्यातली जाड धाटं निवडली, बाच्या मोडलेल्या हाताला दोन्ही अंगांनी लावली आन माझ्या पदराच्या पट्टीनं आवळून बांधली. दुष्काळातल्या त्या सांजेपासून दहा वर्षांनी, कोपीचा कडबा आमच्या घरी आला तो असा. रस्त्यावर एसटी थांबवली. कंडक्टरनं आमच्याकडं बघितलं, काही विचारलं न्हाई, तिकीटबी फाडलं न्हाई. निलंग्याला दवाखान्यात नेलं, तिथून पोलिसात गेले. फौजदार म्हणाला, "बाई, सणासुदीचं कशाला?" मी म्हणाले, लिहून घ्या. घेईना, तर कागद मागून मीच लिहिलं. उजव्या हातानं.

तक्रार पडून हाय. माझी बदली केली दोनदा. बाचा हात वाकडाच जुळला. मी बाला माफ केलेलं न्हाई, त्यानं मागितलेलीबी न्हाई. पण आता आम्ही एका ताटात जेवतो. भाकर तो धरतो, मी मोडते, कारण त्याला एका हातानं मोडत न्हाई आन माझा पंजा धरण्याएवढा उघडत न्हाई. दोघं मिळून कसंतरी होतं.

वाड्याला आता सरकारचा हापसा हाय. हिरीची धमकी संपली. पुढची येळवस आली तवा मांगवाड्यातलं एकबी माणूस मालकाच्या रानात गेलं न्हाई. त्यांच्या कोपी वाकड्या उभ्या राहिल्या, वाऱ्यानं पडल्या. परवा धाकल्या मालकाचा माणूस माझ्या दारात आला. म्हणाला, "झालं गेलं सोडून द्या म्हणतेत मालक. तक्रार तेवढी मागं घ्या. यंदा म्हाताऱ्याला कोप उभी करू द्या, वर बोलवून जेवायला वाढतो म्हणतेत."

मी त्याच्यापुढं हात उघडला. उघडतो तेवढा.

"सांग जाऊन," म्हणाले. "तक्रार मागं घेत न्हाई. आमच्या हातची कोप पाहिजे असंल, तर आत दिवा माझा बा लावंल आन पंगतीत पैला तो बसंल. त्याच्या आधी जर आमच्यातल्या कुणाला धमकावून कोप उभी करून घेतली, तर मी यीन. आवतणाची वाट बघणार न्हाई. इळा घेऊन यीन."