मामाची जीभ

मामा गेल्याचा निरोप मला आदिलाबादला, कॉलेजजवळच्या एसटीडी बूथवर मिळाला. फोनवर मामी होती. "तुहा मामा गेला रे बापू," एवढंच बोलली. मला रडू आलं नाही. आधी मळमळलं. हे लिहायला संकोच वाटतो. पण आता इतके आठवडे झाले, तरी मामा आठवला की तीच मळमळ येते, आणि त्याच्याबद्दल खोटं लिहावंसं वाटत नाही.

माझा देवरावमामा तलमडुगुकडचा. घरचे सगळे दुसऱ्यांच्या शेतात राबणारे. तो इचोड्याला आला आणि हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात लागला. पुढे रस्त्याच्या कामावर एका ठेकेदाराचे मोठे डंपर आले. त्यांच्या इंजिनात हवा दाबून भरत. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करायला रेडिएटरहून निराळी अशी एक पाण्याची जाळी असे. गॅरेजात तिला 'लहान पाणी' म्हणत. त्यात साधं पाणी नसे, डब्यातलं हिरवं कूलंट मिसळलेलं असे. ते जुनं झालं की सगळं काढून, जाळी धुऊन नवं भरायचं. जुनं थोडंही आत राहिलं आणि नव्यात मिसळलं, तर कधीकधी त्याचा शेंबडासारखा चिकट गोळा होई आणि बारीक नळ्या तुंबत.

मामा खालची तोटी सोडी. गंजाचा तपकिरी, कुजका वास मारणारा राडा नालीत पडे. तळाला उरलेलं तो रबरी नळी तोंडात धरून ओढून काढी. एखादा घोट घशात गेला तर खाकरून थुंके आणि हसे. मग साधं पाणी भरून इंजिन चालवायचं, पुन्हा सोडायचं. जाळी धुतली गेली की नाही हे रंगावरून कळत नसे, गंजामुळे सगळंच गढूळ. म्हणून मामा ओंजळीत घेऊन ते चाखे. कूलंट गोड असतं.

"अजून गोड हाय," तो म्हणे. "भरा पाणी."

चव गेली की मगच नवं कूलंट भरायचं, वरचा स्क्रू ढिला करून हवेचे बुडबुडे जाऊ द्यायचे, झाकण लावायचं. ड्रायव्हर भोवती उभे राहून हसत. "देवरावभाऊ, साखर कमी हाय का?" एक जण विचारी. गॅरेजचा शेठ गादीवरून ओरडे, "अरे, ये आदमी नहीं, मीटर है!" आणि त्याच तोंडाने मामा लगेच चहा पिई. मला तो चहा बघवत नसे.

घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, हे विष आहे, गोड लागतं म्हणून जनावरंही पितात आणि मरतात. त्या रविवारी मी इचोड्याला गेलो.

"मामा, हे पोटात जाऊ देऊ नको. किडन्या जातात."

"मी का पिऊन राह्यलो? थुकतो ना बाप्पा."

"सगळं थुंकल्या जात नाही."

तो फडक्याने हात पुसू लागला. "तुया आज्याले याच इचोड्यात हाटेलात कप अलग भेटे," तो म्हणाला. "आता मी 'झालं' म्हणेपर्यंत गाडी हालत नाही. मले इचारल्याबिगर शेठबी झाकण लावत नाही. काऊन सोडू मी?"

संध्याकाळच्या बसने मी आदिलाबादला परतलो.

मग मामाचे पाय सुजले, अन्न ठरेना, लघवी कमी झाली. त्याला नागपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं, की त्या पाण्यानेच किडन्या गेल्या असं छातीठोक सांगता येणार नाही. मीही तसं म्हणत नाही. पण पुण्यानुमोदनाच्या जेवणात शेठ पंगतीत बसून, बोटं चाटत म्हणाला, "ऐसी ज़बान अब नहीं मिलेगी," आणि चार माणसांनी माना डोलावल्या... मी पानावरून उठलो.

परवा मामाचे कपडे आणायला गॅरेजात गेलो. एक डंपर उभा होता. मामाचा जोडीदार लिंगय्या लहान पाणी धूत होता. मी दारातच थांबलो. त्याच्या ओंजळीकडे बघवेना आणि नजरही हलेना.

"चख," शेठ म्हणाला.

लिंगय्याने हात पँटला पुसले. "मी नाय चाखत, शेठ. दोन बादल्या ज्यास्ती वततो. सगळं जाते."

मला वाटलं, आता शेठ जास्तीच्या पाण्यावरून आरडाओरडा करील. शेठने मानसुद्धा वर केली नाही.

"डाल दे," तो म्हणाला. "जल्दी कर."

लिंगय्याने बादली उचलली आणि ओतली.