निवांत ऐकायचे निरोप

फोनवरचा न बघितलेल्या निरोपांचा हिरवा आकडा वाढत चालला की मला काही सुचत नाही. तव्यावर भाकरी टाकायची, ओल्या हातानेच फोन उघडायचा, बघायचं आणि बंद करायचा. तेवढ्यात भाकरी करपते ती करपतेच. कॉलेजचे चार ग्रुप, परीक्षा विभागाच्या मेल, मुलांच्या शंका, सोसायटीचं पाण्याचं वेळापत्रक. या सगळ्यांना मी पटापट उत्तरं देते, म्हणजे अंगठा दाखवते नाहीतर हात जोडते. आणि जिवाभावाच्या माणसांना मात्र ‘निवांत लिहू’ म्हणून बाजूला ठेवते.

निवांत हा माझा फार लाडका शब्द. मैत्रिणीच्या लांबलचक मेलला दोन ओळींत काय उत्तर द्यायचं, म्हणून रविवारची वाट बघायची. रविवारी कपडे, पाहुणे, पेपर तपासणं. मग उशीर झाला म्हणून माफी मागायला हवी, ती नीट शब्दांत हवी, त्याला आणखी निवांतपणा हवा. असं करत ती मेल आठ महिने पडून राहिली, आणि शेवटी मी त्या मैत्रिणीवरच चिडले, एवढं लिहिलंच कशाला म्हणून.

गेल्या फेब्रुवारीत कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीहून मावशीचे आवाजी निरोप मला सोलापुरात येऊ लागले. लहानपणी सुट्ट्यांत तिनेच मला सांभाळलं. तिला लिहिता येत नाही. सुनेने तिला माईकचं बटण दाबून बोलायला शिकवलं होतं, आणि समोरच्याने ऐकलं की माईकचं चित्र निळं होतं हेही सांगितलं होतं. मावशी निम्मं कानडीत बोलते, मुद्द्याला यायला वेळ घेते. निवांत ऐकू, म्हटलं. तीन आठवड्यांत अकरा निरोप साठले. मी एकही ऐकला नाही. रोज आकडा बघायचा आणि फोन पालथा ठेवायचा.

एका दुपारी मी स्टाफरूममध्ये असताना तिच्या सुनेचा फोन आला. सासूला ती आत्या म्हणते.

“ताई, आत्यांचा फोन दुकानात टाकलाय. माईक बिघडलाय म्हणत्यात, निळंच हुईना. दुकानदार म्हणतो काय झालं न्हाय, तर त्याच्याशी लई भांडल्या. तुमाला आवाज येतोय का तितं?”

“बघते,” म्हणाले आणि जिन्यात जाऊन निरोप लावले.

“ऊट आयता?” जेवलीस का, हे आधी. मग, “उजव्या डोळ्याचं आप्रेशन सांगितलंय, सोलापुरात. तुज्याकडं दोन दिस राहू का? तुला जमत आसंल तरच.” दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच, जरा मोठ्याने. सातव्यात तर ती ओरडत होती, शेताच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी. ज्या ढिगाला मी भीत होते, त्यात प्रश्न एकच होता. अकराव्यात आवाज पुन्हा खाली आला होता. “तारीख दोनदा पुढं ढकलली बग. तुजं कळल्याबिगर कसं यायचं?”

मला स्वतःची लाज वाटली, आणि रागही आला. तासाची घंटा झाली तरी मी जिन्यातच उभी होते. सुनेला फोन लावला आणि मावशीला द्यायला सांगितला.

“बग की गं, फोनच बिघडला माजा,” मावशी म्हणाली.

व्हय म्हटलं असतं तर सुटले असते. शब्द जिभेवर आलाही होता.

“मावशी, फोन चांगला हाय. मीच ऐकलं न्हाय.”

मावशी म्हणाली, “त्या दुकानदाराला उगंच बोलले की.” आणि पुढे, “मग, राहू का?”

“ये,” मी म्हणाले. एका अक्षराचं उत्तर होतं, आणि त्यासाठी मी तिला तीन आठवडे एका डोळ्यावर ताटकळत ठेवलं होतं.